दुकानदाराला अहवाल नको, शेजारचं दुकान दाखवा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट्स ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सिस्टिम' हे प्रकरण काय असतं ते सांगायला नको. प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक बॅचमध्ये निदान दोन ग्रुप हा विषय घेतातच. पूर्वी तो व्हिज्युअल बेसिकमध्ये व्हायचा, मग जावात, मग पीएचपीत, आणि आता पायथनमध्ये होतो आणि नावापुढे 'युजिंग मशीन लर्निंग' लागतं. लॉगिन स्क्रीन, 'ॲड प्रॉडक्ट', 'डिलीट प्रॉडक्ट', महिन्याचा रिपोर्ट... संपलं. रिपोर्टच्या पहिल्या प्रकरणात 'लहान दुकानदारांना मालाचा साठा सांभाळणे कठीण जाते' असं एक ठोकळेबाज वाक्य असतं. ते लिहिणाऱ्या चौघांपैकी एकही जण कधी काउंटरच्या आतल्या बाजूला दहा मिनिटं उभा राहिलेला नसतो. एक्स्टर्नल येतात, चहा-सामोसा होतो, रेक्झिनच्या बाइंडिंगमधलं ते बाड डिपार्टमेंटच्या कपाटात जातं आणि कोपऱ्यावरचा वाणी आपली उधारी डायरीत लिहीत राहतो.

एमबीएवाल्यांची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांच्याकडे कोड नसतो, प्रश्नावली असते. 'आपण आपल्या पुरवठादाराच्या सेवेबाबत किती समाधानी आहात? १ ते ५ मध्ये सांगा.' हे विचारायचं संध्याकाळी साडेसातला, काउंटरवर पाच गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना! आमच्या घराजवळचे किराणावाले काका एकदा मला म्हणाले, "अहो, दर जानेवारीत येतात ही पोरं. फॉर्म भरून घेतात, वर दुकानाचा शिक्का मागतात. पन्नास दुकानं पुरी झाली की गायब. मी आपलं सगळीकडे चार-चार टाकून देतो. पाच टाकले तर त्यांनाच खोटं वाटेल."

आता या चार-चारांवरून कुणीतरी ग्राफ काढणार, निष्कर्ष लिहिणार, आणि त्याला आपण संशोधन म्हणणार. असो.

नमनाला घडाभर तेल झालं, मुद्द्यावर येतो. कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी लहान दुकानांबरोबर मिळून काम करावं असं म्हटलं की लोक हसतात, आणि वरचे दोन प्रकार पाहता हसणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण माझं मत असं की या भागीदारीतून दुकानांना खरोखर पैसे मिळू शकतात. जगात काही ठिकाणी ते मोजूनही झालंय. आपल्याकडे ते होत नाही, कारण आपण दुकानदाराला नको ती गोष्ट द्यायला जातो. आपण त्याला ज्ञान द्यायला जातो.

वाण्याला त्याच्या दुकानाबद्दल शिकवणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कसं चाखायचं ते सांगणं. दोन गाळ्यांच्या जागेत हजारभर वस्तू असतात, त्यातली कुठली कुठल्या डब्यामागे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता येतं. कुणाच्या घरी कुठला चहा लागतो, कुणाचा पगार सातला होतो, कुणाला उधार द्यायचं आणि कुणाला गोड बोलून 'आज मशीन बंद आहे' म्हणायचं, कुठल्या कंपनीची स्कीम महिनाअखेरीला येणार म्हणून आत्ता माल उचलायचा नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. ते डोकं आपल्या डेटाबेसपेक्षा वेगात चालतं, शिवाय लाईट गेल्यावरही चालतं.

मग त्याला काय माहीत नसतं? शेजारचं दुकान.

म्हणजे दोन गल्ल्या सोडून जो दुसरा किराणावाला आहे, तो तेवढ्याच मालावर जास्त कमावतो का? कमावत असेल तर का? ह्या महिन्यात विक्री घटली ती आपल्याच दुकानाची घटली की सगळ्या एरियाची? बिस्किटांना अख्खा रॅक दिलाय तो जास्त झाला का? आमच्या भाषेत सांगायचं तर वाण्याचा सॅम्पल साइज एक आहे. एका दुकानावरून काय बरोबर आणि काय चूक हे कळायला आयुष्य जातं, आणि कळतं तेव्हा मुलगा 'मी दुकान चालवणार नाही' म्हणून हिंजवडीत आलेला असतो (आमच्या टीममध्ये असे दोघे आहेत). व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये जीएसटीवर बोलतात, पार्किंगवर बोलतात, अतिक्रमणवाल्यांच्या गाडीवर तर तासभर बोलतात. पण कशात किती सुटतात हे कुणी कुणाला सांगत नाही.

त्याच्यासमोर उभे आहेत ते लोक मात्र हजारो दुकानं एकदम बघतात. दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपन्यांना कुठल्या पिनकोडमध्ये रात्री अकराला काय मागवलं जातं ते माहीत असतं. मालाची ऑर्डर ॲपवरून घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना शहरातल्या प्रत्येक दुकानाने काय उचललं ते माहीत असतं. ते मॉडेल्स लिहिणारे आपल्याच ओळखीतले असतात, आणि त्यांचे पगार ऐकून आपलं आपल्या कामावरचं मन उडतं, तो भाग वेगळा. पण दुकानदाराच्या बाजूला बसून दहा दुकानं एकदम बघणारं कोण आहे? डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन बघतो, पण त्याला टार्गेट आहे. बँकवाला बघतो, त्याला कर्ज खपवायचंय. विद्यापीठाला विकायचं काही नाही, स्वतःचं दुकान नाही, आणि चहा घेत शंभर दुकानांत बसू शकतील अशी पोरं भरपूर आहेत. माझ्या मते विद्यापीठाचा उपयोग हा, आणि बऱ्याच अंशी एवढाच.

हे मी हवेत बोलत नाहीये. इंडोनेशियात जकार्तामध्ये हे करून पाहिलेलं आहे. नेदरलँड्समधलं टिलबर्ग विद्यापीठ आणि जागतिक बँक इथल्या चार संशोधकांनी (डाल्टन, रुशेनपोलर, उरास आणि झिया) तिथल्या तेराशेच्या आसपास लहान दुकानांवर हा प्रयोग केला. तो २०२१ मध्ये छापून आला. त्यांनी काय केलं, तर परदेशातल्या बिझनेस स्कूलचा धडा तिथे नेला नाही. आधी ह्याच दुकानांची पाहणी करून कुठल्या सवयी असलेली दुकानं जास्त कमावतात ते शोधलं. मग त्याच शहरातल्या चांगल्या चालणाऱ्या दुकानदारांना गाठून विचारलं, तुम्ही हे नेमकं कसं करता? वही कशी लिहिता, माल कधी भरता, गिऱ्हाईक कसं टिकवता? या सगळ्याची एक पुस्तिका केली, तिथल्याच दुकानदारांच्या अनुभवातून आलेली.

पुढची गंमत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी दुकानांचे गट पाडले. काहींना नुसती पुस्तिका दिली. काहींना पुस्तिका देऊन एक माहितीपट दाखवला, ज्यात त्यांच्यासारखेच दुकानदार आपण कसे वर आलो ते सांगतात. काहींकडे पुस्तिकेबरोबर एक स्थानिक माणूस अर्ध्या-अर्ध्या तासासाठी दोनदा जाऊन आला. आणि काहींना दोन्ही, माहितीपटही आणि माणूसही. एका गटाला अर्थातच काहीच नाही, तुलनेसाठी. दीड वर्षाने पुन्हा जाऊन मोजलं. नुसत्या पुस्तिकेने म्हणावा असा फरक पडला नाही. पण पुस्तिकेला माहितीपटाची आणि भेटींची जोड मिळाली तिथे सवयी बदलल्या, आणि नफा ३५ टक्क्यांपर्यंत, विक्री १६ टक्क्यांपर्यंत वाढलेली दिसली. नफा विक्रीपेक्षा जास्त वाढलाय हे बघा. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं त्यापेक्षा आतली गळती थांबली.

दोन वेळा अर्धा तास. आमच्याकडे याहून जास्त वेळ स्टँडअप मीटिंगमध्ये जातो, आणि स्टँडअपने कुणाचा नफा ३५ टक्के वाढल्याचं ऐकिवात नाही :)

तर आपल्या कॉलेजांचे रिपोर्ट ज्या कपाटात जातात तिथे ती पुस्तिकाही गेली असती तर तिचंही तेच झालं असतं. फरक पाडला तो परत येणाऱ्या माणसाने आणि 'हा आपल्यातलाच आहे, याला जमलं' ह्या दाखल्याने. आपल्याकडचं काम फॉर्म भरून झाला की थांबतं.

यावर एक हमखास आक्षेप येतो, की कुठला दुकानदार आपलं गुपित दुसऱ्याला सांगेल? बरोबर आहे, समोरच्याला नाही सांगणार. पण किराण्याचं गिऱ्हाईक फार लांबून येत नाही. हडपसरच्या दुकानाचं आणि कर्वेनगरच्या दुकानाचं एकही गिऱ्हाईक सामाईक नसतं. त्या दोघांत स्पर्धा अशी नाहीच, फक्त ओळख नाही. हडपसरच्या माणसाने डाळी सुट्या ठेवाव्यात की अर्ध्या किलोच्या पुड्या बांधून, हे कर्वेनगरला सांगितलं तर त्याचं काही जात नाही. नाव न घेता हे इकडून तिकडे नेणारा कुणीतरी मधे हवा, एवढंच.

आता सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडं. आपल्याला वाटतं की दुकानात बिलिंग मशीन आलं की डेटा आला. पण बिलिंग मशीनमध्ये काय येतं? झालेली विक्री. दुकानदाराचं नुकसान बऱ्याचदा न झालेल्या विक्रीत असतं, आणि तिची एंट्री कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसते. गिऱ्हाईक आलं, 'आहे का?' विचारलं, 'नाही' ऐकून गेलं. बिल नाही, नोंद नाही. दुकानदारालाही रात्री आठवत नाही.

केनियातलं एक संशोधन या बाबतीत फार मजेशीर आहे. लोरी बीमन, जेरेमी मॅग्रुडर आणि जोनाथन रॉबिन्सन या तिघांचं, २०१४ मध्ये आलेलं. विषय काय, तर सुटे पैसे! लहान दुकानांत गिऱ्हाईक मोठी नोट देतं, गल्ल्यात सुटे नसतात, मग एकतर विक्रीच होत नाही किंवा दुकानदार सुटे आणायला दुकान सोडून पळतो. त्यांनी हिशेब केला तर ह्या एवढ्याशा गोष्टीपायी सरासरी दुकान आपल्या नफ्यातला ५ ते ८ टक्के भाग घालवत होतं. मग उपाय काय केला? काहींना दर आठवड्याला नुसते सुट्यांबद्दल प्रश्न विचारले. काहींना 'तुमचं इतकं नुकसान होतंय' असं आकड्यात सांगितलं. दोन्हींनी फरक पडला. नुसतं विचारण्याने! म्हणजे दुकानदाराला अक्कल नव्हती, पैसे नव्हते, असं काही नाही. त्या गोष्टीकडे लक्षच नव्हतं, दर आठवड्याला कुणी विचारायला लागल्यावर ते गेलं.

(आपल्याकडे सुट्यांऐवजी गोळी किंवा चॉकलेट हातावर ठेवायची जुनी परंपरा आहे आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून तीही मावळत चाललीय. एका अर्थाने हा प्रश्न आपण वेगळ्याच वाटेने सोडवला.)

पण न झालेली विक्री सुट्यांपुरती थोडीच आहे? ब्रेडचं उदाहरण घेऊ. समजा एक पुडा दुकानदाराला ४० ला पडतो आणि ४५ ला जातो. उरलेला कंपनी परत घेत नाही असं धरा. आता रोज किती पुडे घ्यायचे? एक पुडा जास्त घेतला आणि विकला गेला तर ५ रुपये मिळतात, नाही गेला तर ४० जातात. म्हणजे नऊपैकी आठ दिवस विकला जाण्याची खात्री असेल तरच तो जास्तीचा पुडा घ्यावा. ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकात हा 'न्यूजबॉय प्रॉब्लेम' म्हणून असतो, पेपर टाकणाऱ्या पोराने सकाळी किती पेपर उचलावेत, तोच प्रश्न. तेव्हा संध्याकाळी सातला 'ब्रेड संपला' म्हणणारा वाणी आळशी नसून पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर वागत असतो. त्याने पुस्तक न वाचताच हे शोधलेलं असतं.

पण थांबा. ब्रेड नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक नुसतं ब्रेडशिवाय जातं का? की अंडी आणि लोणीही दुसरीकडूनच घेतं? समजा तसं असेल आणि त्यात सरासरी आणखी १५ रुपये सुटणार होते. मग पुडा कमी पडल्याचं नुकसान ५ नाही, २०. आणि हिशेब बदलतो, आता नऊपैकी सहाच दिवस विकला जात असेल तरी तो पुडा घेणं परवडतं. सगळा खेळ त्या १५ वर आहे. तो आकडा १५ आहे की ३ की ३०, हे मशीन लर्निंगला कळणार नाही, कारण ती विक्री झालीच नाही. काकांना अंदाज असतो, पण ते मोजायला बसले तर दुकान कोण बघणार? एक विद्यार्थी वही घेऊन दोन आठवडे संध्याकाळी कोपऱ्यात बसला आणि 'काय मागितलं, काय नव्हतं, मग काय केलं' एवढ्या तीनच कॉलमांत लिहीत गेला, तर तो आकडा हाताला लागतो. वीस दुकानांत वीस विद्यार्थी बसले तर कुठल्या वस्तू संपू द्यायच्या आणि कुठल्या कधीच संपू द्यायच्या नाहीत, याची यादी निघते. माझ्या मते ही यादी त्या एरियातल्या कुठल्याही दुकानदाराला इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सिस्टिमपेक्षा जास्त पैसे देईल. आणि ज्यांना थिअरी हवीय त्यांना तीही यात भरपूर आहे.

पुण्याला तरी हे सगळं परकं वाटू नये. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेच्या सुरुवातीच्या प्रकाशनांत पुण्यातल्या फळांच्या बाजाराची पाहणी आहे, १९३३ ची. फळं! कुठून येतात, कुणाच्या हातातून जातात, विकणाऱ्यापर्यंत कशी पोचतात. पुढे त्यांनी सबंध पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. म्हणजे इथल्या अर्थशास्त्रज्ञांना बाजारात जाऊन उभं राहण्यात तेव्हा कमीपणा वाटत नव्हता.

व्यवसायाला मदत करून ती मोजायची, हेही आपल्या आसपास झालंय, फक्त दुकानांत नाही. मुंबईच्या आसपासच्या कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यातल्या निवडक कारखान्यांना फुकट सल्लागार दिले, बाकीच्यांशी तुलना केली, आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पण तिथे आंतरराष्ट्रीय कंपनीचे सल्लागार महिनोन् महिने बसले होते. किराणा दुकानाला ते कोण देणार? म्हणून मला जकार्ता जास्त कामाचं वाटतं. तिथे खर्च होता तो माणसाच्या वेळेचा, आणि विद्यार्थ्यांचा वेळ हीच एक गोष्ट आपल्याकडे मुबलक आहे.

ब्रिटनमध्ये ह्याची पद्धतशीर सरकारी योजनाच आहे. १९७५ पासून 'टीचिंग कंपनी स्कीम' या नावाने, आणि २००३ पासून 'नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप' म्हणून. नुकताच पदवीधर झालेला एक जण एक ते तीन वर्षं कंपनीतच बसून काम करतो, विद्यापीठातला प्राध्यापक पाठीशी असतो, खर्च थोडा सरकार देतं आणि थोडा कंपनी. मला त्यातली कंपनीनेही पैसे घालायची अट आवडते. फुकट दिलेल्या सल्ल्याला दुकानदार चार-चारच मार्क देतो.

तिथल्याच मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. एकट्या दुकानाकडे न बघता अख्ख्या बाजाररस्त्याकडे बघितलं. दहा गावांबरोबर काम करून बाजाराच्या भरभराटीवर परिणाम करणाऱ्या २०१ गोष्टींची यादी केली आणि त्यातून स्थानिक लोकांना खरोखर हात घालता येईल अशा २५ निवडल्या. पहिल्या नंबरवर काय असावं? दुकानं उघडी असण्याच्या वेळा, म्हणजे गिऱ्हाईक येतं तेव्हा दुकान उघडं असतं का. पुणेकरांनो, हसू नका. १ ते ४ वर आपण इतके विनोद केले आणि शेवटी चितळ्यांनीही २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली. पण प्रश्न खरा आहे आणि एकट्या दुकानदाराला तो सोडवता येत नाही. पूर्ण रस्ता दुपारी बंद असेल तर मी एकटा उघडं ठेवून काय करू? हा निर्णय रस्त्याने मिळून घ्यायचा असतो आणि त्यासाठी माणसं मोजून आणणारं कुणीतरी तटस्थ लागतं.

आता आपल्याकडे हे व्हायचं तर अडतं कुठे? पोरांची कमतरता नाही. महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत नव्या शैक्षणिक धोरणानंतर ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट यांना क्रेडिट्स आहेत. म्हणजे पोरं बाहेर पडणारच आहेत. माझी भीती अशी की ती पुन्हा शिक्काच घेऊन येतील.

पहिली अडचण सेमिस्टरची. दुकानाचं वर्ष दिवाळीभोवती, लग्नसराईभोवती, शाळा उघडण्याभोवती फिरतं. कॉलेजचं वर्ष परीक्षेभोवती. चार महिन्यांत विद्यार्थी बदलतो आणि त्याच्याबरोबर सगळं विसरलं जातं. म्हणून विद्यार्थी बदलला तरी दुकानं तीच राहिली पाहिजेत. एका कॉलेजाने आपल्या आसपासची तीस दुकानं धरावीत आणि पाच वर्षं तीच ठेवावीत. मागच्या वर्षीच्या पोरांनी काय लिहिलं ते या वर्षीच्या पोरांनी आधी वाचावं (आमच्याकडे याला हँडओव्हर म्हणतात आणि आमच्याकडेही तो नीट होत नाही). दर तीन महिन्यांनी प्रत्येक दुकानाला एक पान परत द्यावं, मराठीत, मोठ्या अक्षरात. तुमचं दुकान असं, बाकीच्या एकोणतिसांची सरासरी अशी. आणि ते पान व्हॉट्सॲपवर ढकलून न देता हातात द्यावं, अर्धा तास बसावं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दुकानदाराला आकडा सांगायची भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात काय झालं आठवा. यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून तिथल्या लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, आणि बंगळुरातल्या अनेक दुकानांनी क्यूआर कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. नोटिसा कायद्याने बरोबर की चूक ते सोडा. पण त्यानंतर कॉलेजचा मुलगा 'काका, रोजचा गल्ला किती?' विचारायला आला तर काका काय सांगतील? मला वाटतं, गल्ला विचारायचीच गरज नाही. वर सांगितलेल्या ब्रेडच्या हिशेबात एकदा तरी एकूण विक्री लागली का? काय मागितलं, काय नव्हतं, काय शिळं झालं, किती टाकून दिलं, एवढ्यावर भरपूर काम होतं. कमीत कमी मागायचं, नाव काढून टाकायचं आणि मूळ वही दुकानातच ठेवायची.

आणि तिसरी गोष्ट पैशाची. असल्या प्रकल्पाला पैसे द्यायला सगळ्यात आधी कोण धावत येईल सांगू? ऑर्डर घेणारं ॲप चालवणारी नाहीतर माल बनवणारी कंपनी. प्राध्यापकांना निधी, विद्यार्थ्यांना स्टायपेंड, सर्टिफिकेटवर लोगो. तीस दुकानांत काय खपत नाही आणि का खपत नाही ही माहिती त्यांच्यासाठी सोन्याच्या मोलाची आहे. ती एकदा तिकडे गेली की काका पुन्हा एकटे आणि समोरच्याची नजर आणखी तीक्ष्ण. माझं मत स्पष्ट आहे, असे पैसे घेऊ नयेत. व्यापारी संघटनेने वर्गणीतून थोडे घालावेत, कॉलेजाने थोडे घालावेत. वीस विद्यार्थी, एक सर, वह्या आणि बसभाडं, याला फार पैसे लागत नाहीत.

याने कोपऱ्यावरचं प्रत्येक दुकान वाचेल का? नाही वाचणार. दहा मिनिटांच्या डिलिव्हरीमागे जो गुंतवणूकदारांचा पैसा ओतला जातो त्याच्याशी ब्रेडच्या हिशेबाने लढता येत नाही, आणि गाळ्याचं भाडं वाढवणाऱ्या मालकाला संशोधन दाखवून उपयोग नाही. पण ज्या दुकानात महिन्याचं गणित चार-पाच हजारांवर अडलेलं असतं, तिथे शिळा माल कमी झाला आणि परत जाणारं गिऱ्हाईक थांबलं तर आणखी काही वर्षं शटर वर राहतं. माझ्या आईला अजूनही अर्धा किलो रवा 'पैसे उद्या देते' म्हणून आणता येतो. ॲपवरून तो तसा येत नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी प्राध्यापक असतील आणि मनावर घेणार असतील, तर काकांकडून आलेल्या दोन सूचना पुढे देतो. पोरांना संध्याकाळी सहा ते नऊ प्रश्न विचारायला पाठवू नका, बसायला पाठवा. बोलायचं असेल तर दुपारी तीननंतर, गर्दी नसते तेव्हा या. आणि प्रश्नावलीत १ ते ५ असेल तर ती घरीच ठेवून या.